बाहेरच्या खोलीतला खिळा

मित्रांनो, मी एक जुना कॅनव्हास आहे. किती जुना, हे मात्र विचारू नका, माझी पंचाईत होते. माझी पाठ सात वर्षांची आहे आणि तोंड अवघं एका वर्षाचं. मधल्या काळात माझ्यावर पाच चित्रं आली आणि पाचही गेली. माझे इतर भाऊबंद एकदा रंगले की तेच तोंड घेऊन जन्मभर भिंतीवर निवांत राहतात. मला निवांतपणा कधी मानवला नाही. खरं सांगायचं तर कुणी मिळूच दिला नाही. आत्ता तुमच्याशी बोलतानाही मी बोटभर तिरका झालो आहे. ताई येता-जाता मला सरळ करतात आणि मी पुन्हा तिरका होतो. या ताई कोण, ते सांगतोच.

जन्मानं मी जाड सुती कापड. एका कारागिरानं मला लाकडी चौकटीवर घातलं, पकडीनं चारही बाजूंनी ओढलं, मागं बारीक खिळे ठोकले आणि कोपऱ्यांत पाचरी मारल्या. मग पांढऱ्या रंगाचे तीन हात दिले. प्रत्येक हात वाळला की काचकागद फिरवायचा, मग पुढचा हात. सगळं झाल्यावर त्यानं मला टिचकी मारली आणि मी टण्णकन वाजलो. तो स्वतःवरच खूश होऊन म्हणाला, "आता यावर कुणीतरी फक्कड काहीतरी काढायला पाहिजे." मला वाटलं, आज नाही तर उद्या कुणीतरी काढेलच.

कसचं काय. पुढचं वर्षभर मी एका स्टेशनरीच्या दुकानात, पृथ्वीचे गोल आणि नकाशांच्या सुरळ्या यांच्यामध्ये, भिंतीकडे तोंड करून उभा होतो. वर्गात शिक्षा झालेलं पोर उभं राहतं तसा. गिऱ्हाइकं यायची, मला उलटंसुलटं करून बघायची, "एवढ्या मोठ्यावर काढायचं तरी काय?" म्हणायची आणि वही घेऊन जायची. कोरेपणाचं लोकांना फार कौतुक असतं. मला मात्र त्यानं नुसती खाज सुटायची. कुणीतरी एक रेघ ओढा, वाकडी ओढा, पण ओढा, असं होऊन जायचं. शेवटी एका संध्याकाळी कवळीकर दुकानात आले.

कवळीकर हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. दातांच्या डॉक्टरांसाठी ते कवळ्या बनवायचे, म्हणून शेजाऱ्यांनी ते त्यांना चिकटवलं आणि ते चिकटलं. एका छोट्या कार्यशाळेत उंच स्टुलावर बसून तीस वर्षं ते प्लास्टरचे साचे ओतत होते, मेण कोरत होते आणि एकेक दात जागच्या जागी बसवत होते. त्यांच्या खिशात कायम एक पट्टी असायची. तिच्यावर सोळा नकली दात, म्हणजे पांढऱ्याच्या सोळा छटा. नवा दात शेजारच्या जुन्या दाताशी जुळला पाहिजे ना. त्यामुळे कवळीकरांना साध्या चादरीतही सोळा पांढरे दिसायचे, पण लाल रंगाची बाटली उघडायची म्हटलं की त्यांचा हात आखडायचा. हात केसभर जरी चुकला तरी कुणाच्या तरी हिरडीला जखम होते, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलं होतं.

पन्नाशी उलटल्यावर या माणसाला चित्रं काढायचा नाद लागला. वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी एक बाई चित्रकला शिकवायच्या, तिथं ते जाऊ लागले. वहीत वर्षभर पेले आणि लिंबं गिरवून झाल्यावर त्यांनी धीर करून मला विकत घेतलं आणि काखेत मारून तिसऱ्या मजल्यावरच्या घरी आणलं.

घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, अशी दोनच माणसं. कवळीकरांचं लग्न राहून गेलं होतं, ताईंचे यजमान लवकर गेले होते आणि मुलगा नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात होता. ताईंनी छत्तीस वर्षं रुग्णालयात परिचारिका म्हणून काढली होती. त्या निवृत्त झाल्या आणि अख्ख्या वॉर्डाची शिस्त एकट्या भावाच्या वाट्याला आली. चादरीला सुरकुती पडलेली त्यांना खपत नसे. त्यांनी मला पुढून-मागून तपासलं आणि विचारलं, "धाकट्या, हे भिंतीवर लागणार कधी?"

"महिन्याभरात," कवळीकर म्हणाले.

"मग खिळा मी आत्ताच मारते. तुझ्या महिन्याचा काय भरवसा?"

असं म्हणून त्यांनी स्टूल ओढलं आणि बाहेरच्या खोलीत, जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर, चार ठोक्यांत एक भक्कम खिळा मारला. त्या खिळ्यावर पुढं त्यांनी कधी कॅलेंडर लावू दिलं नाही, पिशवी अडकवू दिली नाही. पाहुणे विचारायचे, "इथं काय होतं हो?" ताई म्हणायच्या, "होतं नाही, होणार आहे." मी समोरच्या कोपऱ्यात, चित्र टेकवायच्या लाकडी घोडीवर उभा राहून तो खिळा बघायचो. एकदा तिथं गेलो की सुटलो, असं मला वाटायचं.

माझ्यावरचं पहिलं चित्र ताईंचंच होतं. खिडकीपाशी बसून त्या मटार सोलताहेत. कवळीकरांनी सगळ्यात बारीक ब्रश घेतला, डोळ्याला कामावरचं भिंग लावलं आणि तीन महिने श्वास रोखून काम केलं. कार्यशाळेत प्रत्येक साच्याच्या पाठीवर तारीख आणि काय वापरलं ते लिहायची रीत होती. त्या सवयीनं त्यांनी माझ्याही पाठीवर पेन्सिलीनं लिहिलं: एक, बारीक ब्रश. चित्रातले मटार मोजता येत होते. खिडकीच्या गजावरचा गंज दिसत होता. ताई हसत होत्या आणि त्यांचे दात तर असे उतरले होते की एखाद्या डॉक्टरनं शाबासकी दिली असती.

ताईंनी चष्मा पुसून बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, "दात छान आलेत. बाकीची मी कुठंय?"

कवळीकर हसले, पण त्यांचं तोंड उतरलेलं मला दिसत होतं. मित्रांनो, मला ताईंचा राग आला. तीन महिने मी अंग चोरून उभा होतो हो. पण रात्रभर विचार केल्यावर मलाही ते पटलं. माझ्यावर एक खिडकी होती, मटार होते, कवळी होती, ताई नव्हत्या. रविवारी कवळीकरांनी माझ्यावर पांढऱ्या रंगाचा हात फिरवला आणि मी पुन्हा कोरा झालो. फक्त आता माझ्या आत कुणीतरी मटार सोलत बसलं होतं.

चित्रकलेच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचा हात फार शहाणा झालाय. त्याला जरा वेड्यासारखं वागू द्या. थोडे दिवस ब्रशला सुट्टी द्या. दर वेळी नवं काहीतरी धरा हातात, बघा काय होतंय."

कवळीकरांनी घरी येऊन हे ताईंना सांगितलं, तेव्हापासून माझी झोप उडाली. कवळीकरांनी कार्यशाळेतली प्लास्टर कालवायची चपटी सुरी आणली आणि तिनं माझ्यावर रंग थापायला सुरुवात केली. घरासमोरचा भर दुपारचा रस्ता काढायचा होता. सुरुवातीला ते लोणी लावावं तसे हलकेच लावत होते. मग काय झालं कुणास ठाऊक, मनगटातून चालणारा हात खांद्यातून चालू लागला. तीन दिवसांत त्यांनी लाल रंगाची अख्खी बाटली संपवली आणि चक्क शीळ घातली. माझ्या अंगावर उंचवटे आले, खळगे पडले. ताई दारातून म्हणाल्या, "गिलावा चाललाय वाटतं. स्वयंपाकघरातला पोपडा पण उडालाय, तिकडंही दोन हात मार." दुसऱ्या दिवशी उजेडात बघितल्यावर कवळीकरांना तो रस्ता कुठं जातोय तेच कळेना. माझ्या पाठीवर लिहिलं गेलं: दोन, सुरी. आणि पुन्हा पांढरा हात.

मग स्पंज आला. तो पाण्यात पिळून, रंगात बुडवून त्यांनी धुक्यातली झाडं उमटवली. ती खरोखर बरी जमत होती. पण त्यात सकाळचा गारवा येईना, म्हणून त्यांनी जुना टूथब्रश निळ्या रंगात बुडवला आणि अंगठ्यानं त्याचे केस मागं ओढून सोडले. बारीक तुषार उडाले. कवळीकरांना इतका आनंद झाला की ते उडवतच सुटले. मला गॅलरीत उभं केलेलं होतं आणि मागं दोरीवर ताईंची पांढरीशुभ्र चादर वाळत होती, हे कुणाच्या लक्षात राहणार?

ताईंनी ती चादर तीन वेळा उकळली. निळे ठिपके जागचे हलले नाहीत. "छत्तीस वर्षांत माझ्या चादरीवर डाग राहिला नव्हता, धाकट्या," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण चार दिवस जेवणात मीठ कमी होतं. झाडांवरही मग पांढरा हात फिरला, कारण त्यांच्याकडं बघितलं की कवळीकरांना चादर आठवायची.

चौथ्या वेळी त्यांनी रंग पाण्यासारखा पातळ केला, मला न्हाणीघरात तिरका धरला आणि वरून ओतला. ओघळ सुटले की मला इकडं कलंडवायचं, तिकडं कलंडवायचं. जांभळा ओघळ हिरव्याला भिडला की दोघांचं मिळून भलतंच काही व्हायचं आणि कवळीकर ओरडायचे, "अगं ताई, हे बघ काय झालं." ताई बघायला आल्या आणि आठवडाभर जांभळ्या तळव्यांनी घरात फिरल्या.

अशी पाच वर्षं गेली. एकेका पद्धतीवर ते सहा-सहा महिने वह्या भरायचे, मग माझ्यावर यायचे, थोडं जमायचं, बरंच फसायचं आणि ये रे माझ्या मागल्या. खालच्या मजल्यावरचे इस्त्रीवाले जिन्यात विचारायचे, "काय कवळीकर, खिळ्याला चित्र फुटलं का?" ताई भावाच्या तोंडावर म्हणायच्या, "एक ना धड, भाराभर चिंध्या." चिंध्या हा शब्द कापडाला कसा लागतो, ते कापडालाच ठाऊक. मी चिडत होतो. मला कुणीतरी एक व्हायचं होतं. आज रस्ता, उद्या झाडं, परवा नुसतेच ओघळ, असं किती दिवस जगायचं? पण एक गोष्ट मला त्या वेळी दिसत असूनही कळली नाही. पहिल्या चित्राच्या वेळी जो हात माझ्यावर टेकायच्या आधी तीनदा मागं सरायचा, तो आता येऊन खुशाल माझी धूळ झटकायचा, मला आडवा करायचा, बोटानं रंग फासायचा. हाताला आता माझी भीती वाटत नव्हती.

आणि मग ताईंच्या मुलाचा फोन आला. त्याचं बाळ सात महिन्यांचं झालं होतं आणि सूनबाईंना कामावर परत जायचं होतं. आईनं आता आमच्याकडंच येऊन राहावं, असं तो म्हणत होता. ताईंनी दोन दिवस विचार केला आणि हो म्हटलं. महिनाअखेरीचं तिकीट आलं.

त्या संध्याकाळी दोघं जेवायला बसले होते. ताईंनी भिंतीकडं बघितलं. "त्या खिळ्यावर काहीतरी बघून गेले असते," त्या म्हणाल्या. कवळीकरांनी मान खाली घालून जेवण संपवलं. एरवी टोमणा मारून मोकळी होणारी बाई आज नुसती 'असते' म्हणून थांबली, हे त्यांना लागलं. मलाही लागलं. महिना सव्वीस दिवसांचा उरला होता.

घाबरलेला माणूस जुन्या घरी पळतो. कवळीकर पुन्हा बारीक ब्रशाकडं पळाले. कॅलेंडरवर डोंगर, तळं आणि तळ्यात पडलेलं डोंगराचं प्रतिबिंब होतं, ते त्यांनी चौकटी आखून जसंच्या तसं उतरवायचं ठरवलं. चुकायला वावच नको. पण माझं अंग सुरीच्या उंचवट्यांनी खडबडीत झालेलं. त्यावर बारीक काम कसं व्हायचं? म्हणून त्यांनी कार्यशाळेतलं सामान घरी आणून प्लास्टर कालवलं, दातांच्या साच्याचं, रेशमासारखं मऊ. ते माझ्यावर पातळ पसरून मला गुळगुळीत करायचं होतं.

इथं जे घडलं ते नीट ऐका. साच्यावर दुसरा साचा ओतायचा असला की मध्ये एक बुळबुळीत द्राव लावतात. तो लावला की दोन थर एकमेकांना चिकटत नाहीत, टिचकी मारली की अलगद सुटतात. कार्यशाळेतला तो पहिला नियम. तीस वर्षं दिवसातून दहा वेळा कवळीकरांनी ते केलं होतं. त्या दिवशी त्यांचं सगळं लक्ष तिकिटाच्या तारखेत होतं. हात आपोआप खणाकडं गेला, बाटली उघडली गेली आणि प्लास्टर पसरायच्या आधी त्यांनी माझ्या अंगभर तो द्राव झकास लावला. हाताला वाटलं, कवळीच बनवतोय. डोकं तिथं नव्हतंच.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. हे चित्र माझं नाही, हे अंगावर ठेवलेलं ताट आहे, असं मी ओरडून सांगत होतो, पण कापडाचं ओरडणं कुणाला ऐकू जातं? त्यावर वीस दिवस बसून त्यांनी तळ्यातली एकेक लाट काढली. बाविसाव्या दिवशी मी खिळ्यावर लागलो. ज्या जागेसाठी मी पाच वर्षं तळमळलो तिथं शेवटी पोहोचलो आणि माझा जीव टांगणीला लागला. ताई म्हणाल्या, "छान आहे. अगदी कॅलेंडरसारखं." कवळीकरांनी ते कौतुक म्हणून घेतलं. मी ताईंकडं बघत होतो. त्यांनी चष्मा पुसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी निरोपाचा चहा होता. चित्रकलेच्या बाई आल्या, खालचे इस्त्रीवाले आले, ताईंच्या वॉर्डातल्या दोघी जुन्या मैत्रिणी आल्या. खोलीत गर्दी, उकाडा, कपबश्यांचा आवाज. कुणीतरी दार जरा जोरात लोटलं. माझ्या वरच्या कोपऱ्यात कट्ट असं वाजलं. डोंगराचं शिखर फुगून पुढं आलं, मग हळूच कललं, आणि डोंगर, तळं, प्रतिबिंब असं सगळं एकसंध सुटून खाली बिस्किटांच्या ताटात येऊन पडलं.

कुणी हसलं नाही, तेच वाईट झालं. इस्त्रीवाल्यांनी तुकडे गोळा करायला सुरुवात केली. कवळीकरांनी एक तुकडा उचलून उलटा केला. मागची बाजू काचेसारखी चकचकीत होती. त्यांना सगळं कळलं. "किती सफाईनं सुटलंय," ते स्वतःशीच म्हणाले, आणि उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

पाहुणे गेल्यावर ताईंनी केर काढला, ताट धुतलं आणि त्या सामान भरायला लागल्या. तीन दिवस उरले होते. बऱ्याच वेळानं कवळीकर आत आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. मी कसा दिसत होतो, ते त्यांच्या डोळ्यांत मला दिसलं. जांभळे-हिरवे ओघळ होते, पण सुरीच्या उंचवट्यांना अडून ते जागोजागी थांबले होते. त्यांनी मला खाली काढलं, द्राव पुसून धुऊन टाकला आणि काचकागद घेऊन एक उंचवटा घासून बघितला. ओघळाखालून पांढरा आला, मग धुक्यातला राखाडी, त्याखाली दुपारच्या रस्त्याचा लाल आणि अगदी तळाशी मटाराच्या दाण्याएवढा हिरवा. ते थबकले. पाच वर्षांत पुसून टाकलेलं सगळं तिथंच होतं. मी त्यातलं काहीच जाऊ दिलं नव्हतं.

"ताई, जरा बसतेस का खिडकीपाशी?" त्यांनी विचारलं.

"मला वेळ आहे का बसायला? ही बॅग बंद होईना झालीय."

"मग नको बसूस. तुझं चालू दे."

आणि त्यांनी सुरुवात केली. ताई एका जागी थांबतच नव्हत्या. आतून कपडे आणायच्या, बॅगेत घालायच्या, पुन्हा बाहेर काढायच्या. बारीक ब्रशानं त्या सापडण्यातल्या नव्हत्या. कवळीकरांनी भिंत रंगवायचा रुंद ब्रश घेतला आणि त्यांची पाठ एका फटकाऱ्यात ओढली. सुरीनं खिडकीचा उजेड थापला. स्पंजानं अंधारा कोपरा मागं सारला. ओघळ जिथं हवे होते तिथं ठेवले, नको तिथं झाकले, जिथं खालचा लाल डोकवायला हवा तिथं घासले. हे हत्यार उचल, ते टाक, असं चाललं होतं. कुठलं कधी घ्यायचं ते त्यांना कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मला वेदना होत होत्या आणि मी आयुष्यात इतका जागा कधी नव्हतो.

तेवढ्यात ताईंनी कपाटातून ती चादर काढली, निळ्या ठिपक्यांची. ती त्यांनी कधी टाकलीच नव्हती. दोन्ही हात पसरून त्या तिची घडी घालायला लागल्या आणि टोक हनुवटीखाली धरून क्षणभर थांबल्या. घडी घालता घालता माणूस थांबतं, तशा. त्यांचं तोंड खिडकीकडं होतं. कवळीकरांना फक्त पाठ, पिकलेले केस आणि ती चादर दिसत होती. त्यांनी पांढरा कालवला, मग दुसरा पांढरा, मग तिसरा. सोळाच्या सोळा पांढरे त्यांनी त्या चादरीत आणि त्या केसांत घातले. सगळ्यात शेवटी जुना टूथब्रश निळ्यात बुडवला, श्वास घेतला आणि एकदाच उडवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी मला बघितलं. त्यांनी आधी चष्मा पुसला. मग पदरानं पुन्हा पुसला. चित्रात ना तोंड होतं, ना एकही दात.

"ही मीच," त्या म्हणाल्या. "जायचं म्हणते आणि पाय निघत नाही, ती."

कवळीकरांनी हात पुसले. त्यांनी मला खिळ्यावर लावलं. ताईंनी मला सरळ केलं, दोन पावलं मागं जाऊन बघितलं, पुन्हा पुढं आल्या आणि मला खाली उतरवलं.

"अगं, राहू दे ना," कवळीकर म्हणाले. "त्यासाठीच तर..."

"मी हे घेऊन चालले. त्याच चादरीत गुंडाळून." मग खिळ्याकडं बोट दाखवून म्हणाल्या, "तो मात्र काढू नकोस. मी गेल्यावर तुझ्या मागं लागायला कुणीतरी हवं ना."

मला गुंडाळायच्या आधी त्यांनी मला पालथं केलं आणि पाठीवरची यादी वाचली. बारीक ब्रश, सुरी, स्पंज, ओतणं, पुन्हा बारीक ब्रश. "सहावं लिहायचं राहिलंय," त्या म्हणाल्या. "हे कशानं काढलंस?" कवळीकरांनी पेन्सिल घेतली, थोडा विचार केला आणि लिहिलं: सहा, सगळ्यांनी.

तर मित्रांनो, आता मी दुसऱ्या शहरात, अनोळखी भिंतीवर आहे. समोर एक बाळ चालायला शिकलं आहे आणि भिंतीला धरून माझ्या खाली येऊन उभं राहतं. ताई रोज कोरड्या फडक्यानं माझी धूळ झटकतात. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असला, तर त्यालाही ओलं फडकं लावू नका आणि उन्हात ठेवू नका, एवढी काळजी आम्हाला पुरते. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. चित्र फसलं म्हणून कॅनव्हास माळ्यावर फेकू नका. त्यावर पुन्हा काढा, नाही जमलं तर आणखी एकदा काढा. तुमचे फसलेले दिवस आम्ही आत नीट सांभाळून ठेवतो, आणि तुम्हाला लागतील तेव्हा ते थोडं घासलं की वर येतात.

दर रविवारी ताई माझ्यासमोर बसून भावाला स्पीकरवर फोन करतात. जेवलास का, हे नंतर. आधी विचारतात, "खिळ्यावर काय आहे?"

वर्षभर कवळीकरांचं उत्तर एकच होतं, "अजून काही नाही. कोळशानं काढून बघतोय. चुरा होतोय सगळा." गेल्या रविवारी मात्र ताईंनी विचारलं आणि पलीकडं फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग मला ओळखीचे चार ठोके ऐकू आले.

"धाकट्या, काय करतोयस?" ताईंनी विचारलं.

"काही नाही," कवळीकर म्हणाले. "दुसरा खिळा मारतोय. पहिला भरला."